निळं कुंकू

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मँचेस्टरहून भाचीने रांगोळीचा फोटो पाठवला. मेलने पाठवला, कारण मीच तिला सांगितलं होतं, मोठा पाठव, आजीला मोठ्या पडद्यावर दाखवायचाय. आई चष्मा पुसून, पदर सारखा करून संगणकासमोर येऊन बसली. मी क्लिक केलं. 'ही फाइल उघडता येत नाही.' पुन्हा केलं, तेच. फाइलच्या शेपटीला नेहमीच्या जेपीजीऐवजी एचईआयसी अशी अक्षरं होती. भाचीच्या फोनची ती मातृभाषा, आमच्या म्हाताऱ्या संगणकाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"दिसली का गं?"

"दिसतेय, थांब."

आई थांबली. गॅसच्या नंबरासाठी आणि टेलिफोनच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षं थांबलेली पिढी ती, तिला काय. मला मात्र हसू यायला लागलं. एका यंत्रावरची रांगोळी दुसऱ्या यंत्रावर न्यायची आणि तोंडघशी पडायचं, हे मी चाळीस वर्षांपूर्वी साग्रसंगीत करून बसलेय.

१९८४-८५च्या सुमाराला केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले. आमच्या पुण्यातल्या शाळेतही आले. घरी सांगितलं तर वडिलांना वाटलं, त्यावर लंडनच्या बातम्या लागतील. संगणकाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, आवाज करायचा नाही, आत शाळेतला एकुलता एक एसी. देवघराचे सगळे नियम. बदामी रंगाचं खोकं, काळ्या कळा आणि वरच्या रांगेत दहा तांबड्या-नारिंगी कळा. एका यंत्रापुढे चारजण, आणि त्या चारांत मुलगी असली तर ती आपोआप टंकायला नाही, वाचून दाखवायला. मी आठवीत होते. पहिला महिनाभर वाचूनच दाखवलं.

मग दिवाळीच्या आधी सर म्हणाले, ज्याला जे चित्र काढायचंय ते चौकटीच्या वहीत आखून आणा. मुलांनी रॉकेटं आणली. मी माझ्या आजीची नऊ ते पाच ठिपक्यांची रांगोळी आणली: मधल्या ओळीत नऊ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी होत पाचापर्यंत. बीबीसीचा पडदा आडवा १२८० आणि उभा १०२४ अशा मापांत मोजायचा असे, कोपऱ्यातून सुरुवात. प्रत्येक ठिपक्याचे दोन आकडे मी वहीत लिहून काढले. आठ रंग एकदम हवे असतील तर त्या यंत्राच्या ३२ केबी स्मरणशक्तीतले २० केबी पडदाच खाऊन टाकायचा, आणि रेघाही जरा जाडसर, पायऱ्यापायऱ्यांच्या यायच्या. असोत. तांबडं कुंकू, हिरवी पानं, पिवळा झेंडू. सरांनी इतर वर्गांतल्या मुलांना बोलावून दाखवलं. त्यानंतर मी वाचून दाखवणं बंद केलं.

आता हे आजीला दाखवायचं होतं. आजी काही शाळेत चपला काढून येणार नव्हती. पण आमच्या वाड्यात, समोरच्या बिऱ्हाडातले काका बोटीवर होते, आणि त्यांनी विलायतेहून मुलासाठी झेडएक्स स्पेक्ट्रम आणला होता. काळी पाटी म्हणावी एवढासा, खोडरबरासारख्या कळांचा. तो टीव्हीला जोडायचा आणि साध्या टेपरेकॉर्डरने त्यात प्रोग्राम भरायचा. शाळेतल्या बीबीसीलाही टेपरेकॉर्डरच होता. मग अडचण काय? कॅसेट ती कॅसेट. मी शाळेत रांगोळी कॅसेटवर भरून घेतली, आईच्या भजनांच्या मागच्या बाजूला, आणि वाड्यात येऊन स्पेक्ट्रमला लावली.

कॅसेट फिरली, किंचाळली, टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे थरथरले, आणि पडदा कोरा तो कोराच. बीबीसी शून्य आणि एक यांच्यासाठी दोन ठरावीक सूर वापरायचा, १२०० आणि २४०० हर्ट्झचे. स्पेक्ट्रमची लहान-मोठ्या ठोक्यांची आपली वेगळी पद्धत. माणसाच्या कानाला दोन्ही सारखीच कर्कश. काकांचा मुलगा शहाण्यासारखा म्हणाला, "टंकून काढू की, त्यात काय!" दोन्ही यंत्रं बेसिक नावाची प्रोग्राम लिहायची भाषा बोलतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

बोलतात, पण पुण्याची आणि मालवणची मराठी जशी एकच, तशी.

पहिला अडथळा मापाचा. स्पेक्ट्रमवर रेघा ओढायला आडवे २५६ आणि उभे १७६ ठिपके. १२८०ला पाचाने भागलं की २५६ चोख येतात, पण १०२४ला पाचाने भागून डोकं पडद्याबाहेर जातं. म्हणून उभं माप सहाने भागलं. रांगोळी बसकी झाली, कोणी वरून हात ठेवावा तशी. तेवढं चालवून घेतलं. दुसरा अडथळा मात्र संध्याकाळभर कळेना. रेघ ओढायची आज्ञा दोन्हीकडे 'ड्रॉ'च. १२८, ८५ या जागी ठिपका दिला, आणि तिथून १८०, ८५ पर्यंत रेघ म्हणून सांगितलं, तर स्पेक्ट्रम म्हणे आकडा आवाक्याबाहेर. १८० कसा आवाक्याबाहेर? पडदा तर २५५ पर्यंत आहे! दुसऱ्या दिवशी सोबतचं जाडजूड पुस्तक वाचल्यावर उजेड पडला. बीबीसीला 'ड्रॉ'पुढे मुक्कामाचा पत्ता द्यायचा असतो, स्पेक्ट्रमला असतात तिथून किती पावलं जायचं ते. रिक्षावाल्याला शनिपार म्हणायचं, की इथून सरळ आणि मग डावीकडे म्हणायचं, यातला फरक. आमची रेघ १२८ वरून आणखी १८० पावलं चालत ३०८ ला, म्हणजे टीव्हीच्या लाकडी पेटीबाहेर जाऊ बघत होती. दोनशेच्या वर आकडे होते वहीत. सगळे वजाबाकी करून पुन्हा लिहिले.

आणि मग ती आली पडद्यावर. निळं कुंकू, लालभडक पानं आणि गुलाबी-जांभळा झेंडू.

काकू पोळ्या लाटता लाटता बाहेर आल्या, पाहिलं, आणि "ही सुतकातली रांगोळी का गं?" असं विचारून परत आत गेल्या.

कारण साधं होतं. रंगांना दोन्ही यंत्रांत शून्य ते सात हेच क्रमांक, पण बीबीसीचा १ म्हणजे तांबडा आणि स्पेक्ट्रमचा १ म्हणजे निळा. बीबीसीचा २ हिरवा, स्पेक्ट्रमचा २ तांबडा. स्पेक्ट्रमने आपले रंग उजेडाच्या चढत्या क्रमाने लावलेले होते: काळा, निळा, तांबडा, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. घरात काळा-पांढरा टीव्ही असला तरी राखाडीच्या पायऱ्या नीट चढत्या दिसाव्यात अशी ती मांडणी. विचार चांगलाच होता. पण कुंकू निळं.

क्रमांक बदलले, तर शेवटची आणि खरी पंचाईत समोर आली. स्पेक्ट्रमला प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग देता येतच नाही. पडद्याची ३२ बाय २४ अशी ७६८ घरं, प्रत्येक घरात आठ गुणिले आठ ठिपके, आणि एका घरात फक्त दोन रंग: एक मागचा, एक रेघेचा. तांबड्या पाकळीशेजारी हिरवं पान काढलं, की त्या घरात शिरलेला पाकळीचा कोपरासुद्धा हिरवा. पिवळा झेंडू आला की पानाचं टोक पिवळं. बाटाबाटी. अशी काटकसर का, तर सगळा पडदा मिळून ६९१२ बाइटांत बसतो: ६१४४ ठिपक्यांचे, ७६८ रंगांचे. स्वस्तातलं यंत्र, कुठेतरी हात आखडणारच.

मी रडकुंडीला आले होते. आजीने विचारलं काय झालं, तर मी तिला घरांचं गणित सांगितलं. तिला संगणक काय ते माहीत नव्हतं, पण अंगण माहीत होतं. ती म्हणाली, "अगं, मोठ्या अंगणातली रांगोळी उंबऱ्यापुढे काढायची तर तीच उचलून आणतेस का? रांगोळी उचलता येत नाही. तिथे जागा किती ते बघायचं आणि नव्याने ठिपके द्यायचे."

मग चौकटीची वही पुन्हा उघडली, पण आता वहीतल्या चौकटी म्हणजे स्पेक्ट्रमची घरं. दर दोन घरांनी एक ठिपका. नऊ ठिपक्यांना अठरा घरं, उभ्याला नऊ ओळींना अठरा, दोन्हीकडे मावतंय. आणि ठिपक्यांच्या रांगोळीत एकाआड एक ओळ अर्धी सरकते ना, ती इथे बरोबर एक घर सरकते! जणू सिंक्लेअर साहेबांनी कोणा कोकणस्थ आजीला विचारूनच यंत्र बनवलं असावं. एका घरात एकच रंग राहील अशा पाकळ्या मी आखल्या. बीबीसीवरची माझी रांगोळी त्यापुढे मला गबाळी वाटायला लागली.

तो पडदाच्या पडदा कॅसेटवर भरला आणि पाडव्याच्या संध्याकाळी आजीला समोरच्या बिऱ्हाडात नेलं. आधी गेरूने सारवल्यासारखा टीव्ही काळा करून घेतला. कॅसेट लावली. स्पेक्ट्रमवर चित्र चाळीसेक सेकंद उतरत राहतं, वरच्या तिसऱ्या हिश्शापासून, झडपा मिटाव्यात तशा रेघा पडत पडत, आणि रंगाचे बाइट सर्वांत शेवटी असल्याने तोवर सगळं पांढरं. नुसती पांढरी रांगोळी. आजी पुढे वाकून बघत होती. मग शेवटच्या चार सेकंदांत वरून खाली सरसर रंग भरत गेले.

"आधी रेघ, मग रंग," आजी म्हणाली. "वळण आहे हो यंत्राला."

पुढे नोकरीनिमित्त संगणकात आयुष्य गेलं आणि कळलं, की त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्येही हेच नाट्य सुरू होतं, फक्त अंगण मोठं होतं. २३ जुलै १९८५ला कमोडोर कंपनीने लिंकन सेंटरमध्ये अमिगा हा नवा संगणक लोकांपुढे आणला, तेव्हा रंगमंचावर चित्रकार अँडी वॉरहॉलने गायिका डेबी हॅरीचं चित्र त्यावर रंगवलं. त्याने नंतरही अमिगावर चित्रं काढली, ती फ्लॉपींवर पडून राहिली. १९८७ साली वॉरहॉल गेला. पुढे पंचवीसेक वर्षांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक क्लबच्या पोरांनी त्या फ्लॉपी वाचल्या, तर चित्रांच्या फायली अशा काही अडनिड्या ठेवणीत की आजचा कुठलाच प्रोग्राम त्यांना ओळखेना. अक्षर अक्षर उलगडून त्यांनी त्या फायलींची रीत शोधून काढली, तेव्हा कुठे तीन डोळ्यांची व्हीनस आणि सुपचा डबा बाहेर आला. जगप्रसिद्ध माणसाची ही गत, तर माझ्या कुंकवाचं काय घेऊन बसलात.

जून १९८७मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने जीआयएफ नावाची चित्रं साठवायची पद्धत काढली. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या घरी नाना तऱ्हेची यंत्रं, आणि एकच चित्र सगळ्यांना दिसायला हवं. त्यातली मला सर्वांत आवडलेली युक्ती म्हणजे चित्राबरोबर रंगांची यादीही जाते: १ म्हणजे एवढा तांबडा, एवढा हिरवा, एवढा निळा. रांगोळीबरोबर रंगाच्या पुड्या बांधून दिल्यासारखं. २५६पर्यंत पुड्या. दोन वर्षं आधी हे असतं तर काकूंना सुतक आठवलं नसतं. अर्थात पुड्या दिल्या म्हणून समोरच्याकडे ते रंग असतीलच असं नाही. त्या वेळच्या साध्या आयबीएमवर काळा, आकाशी, किरमिजी आणि पांढरा एवढ्या चार रंगांत सगळं जग भागवायचं असे, तिथे झेंडू पांढरा होणार. जवळात जवळचा रंग शोधून चालवून घ्यायचं. (जीआयएफचा उच्चार 'जिफ' असं त्याचा कर्ता स्टीव्ह विल्हाइट सांगत असे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'गिफ', 'जीफ' आणि 'हलणारा फोटो' असे तीन पंथ आहेत.)

मध्यंतरी हौसेने लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम घालून पाहिला. कॅसेट केव्हाच बुरशीने गेली, पण वही होती. पुन्हा सगळे आकडे टंकले. रांगोळी आली, आणि ती ती नव्हती. प्रत्येक ठिपका न्हाणीघरातल्या फरशीसारखा चौकोनी, कडा धारदार. काकांच्या टीव्हीची काचेची नळी रंग एकमेकांत जरा सांडायची, तांबड्याच्या कडेला उजेड फुटायचा, बोटांतून सुटलेल्या रांगोळीच्या भुकटीसारखा. तो भाग मी काढलेला नव्हता, आणि वहीत कुठे लिहिलेलाही नव्हता.

तर, एचईआयसी. भाचीला फोन केला, तिने जेपीजी करून पाठवलं, दोन मिनिटांचं काम. संगणकावर आली रांगोळी, संस्कारभारतीसारखी, दगडी पायरीवर, मधोमध कुंकवाचा गोल. आईने बघितली. मग माझ्या फोनवर बघितली. मग मीच उत्साहाने टीव्हीवर लावली. संगणकावर कुंकू विटकरी, फोनवर गडद तांबडं, टीव्हीवर जवळजवळ शेंदरी.

"यातलं खरं कुठलं गं?" आईने विचारलं.

आता हे कसं सांगणार? म्हणून पुन्हा फोन लावला, म्हटलं, बाहेर जाऊन बघ आणि आजीला सांग, कुंकू नक्की कसं आहे.

"मावशी, अगं कसलं बघू?" पलीकडून भाची म्हणाली. "फोटो काढला आणि दहा मिनिटांत पाऊस आला. सगळी वाहून गेली."