स्ट्रेटच्या आधीचं वळण

कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती करणाऱ्या पोरांच्या लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) तपासून देणं हे माझं काम. कार्टवर बसवलेल्या नोंदयंत्रातला, म्हणजे लॉगरमधला जीपीएसचा वेग आणि इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) उतरवून घ्यायचे, शेजारी व्हिडिओ लावायचा आणि वेळ कुठं गळतोय ते शोधायचं.

परवा कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर उद्यमनगरात मशीनशॉप असलेले एक गृहस्थ पोराला घेऊन आले. "इंजिन बसलंय वो. स्ट्रेटला बाकीची पोरं सरळ पुढं निघून जात्यात. उघडायलाच लागणार." स्ट्रेट म्हणजे ट्रॅकचा सरळ पट्टा. पोरगंही तेच सांगत होतं. १२५ सीसीचं टू-स्ट्रोक रोटॅक्स, उघडायचं म्हणजे खर्च आला. म्हटलं, "मालक, त्याआधी एक सेशन लॉगर लावून बघूया."

तुलनेला त्याच गटातल्या एका वेगवान पोराचा डेटा मिळाला. त्याच्या वडिलांनी तो लगेच दिला, याचं मला फार कौतुक वाटलं. दोघांचं वजन, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) सारखंच होतं. वेगाच्या दोन्ही रेघा मी एकावर एक लावल्या, त्याही वेळेच्या मापावर नव्हे तर अंतराच्या. वेळेच्या मापावर लावल्या की पहिल्याच वळणानंतर त्या एकमेकींपासून सरकतात. हे काम मोबाइलच्या जीपीएसवर भागत नाही. तो साधारण सेकंदाला एकदा जागा नोंदवतो आणि ताशी ७२ किलोमीटरला तेवढ्यात कार्ट २० मीटर पुढं गेलेली असते. सेकंदाला १० नोंदी घेणारा लॉगर दर २ मीटरला ठिपका देतो.

स्ट्रेटच्या टोकाला पोराचा वेग खरंच कमी होता. पण ७० वरून ९० वर जायला दोघांना लागलेला वेळ सारखाच! इंजिन तेवढंच ओढत होतं. फरक स्ट्रेट सुरू होतानाच पडलेला, ताशी सहा किलोमीटरचा. वडिलांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "मग हे सहा गेलं कुठं?" मायक्रॉनमध्ये बोअर (भोकाचा व्यास) मोजणारा माणूस, त्यांना पुढं काही समजवावं लागलं नाही.

उत्तर वळणाच्या तोंडाशी होतं. या कार्टला गिअर एकच, त्यामुळं क्लच जोडला गेल्यावर आरपीएम आणि वेग जोडीनं चालतात. इथं ब्रेकला आरपीएमची रेघ धाडकन खाली आली होती, जीपीएसचा वेग मात्र तेवढा पडला नव्हता. म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत होती. या कार्टला ब्रेक फक्त मागच्या अ‍ॅक्सलला असतो, स्टिअरिंग वळवलेलं असताना तो दाबून धरला की मागची बाजू सुटते.

पण ब्रेक आणि स्टिअरिंग खरंच एकावर एक येत होते का, हे रेघ सांगत नाही. कॅमेरा खांद्यामागून लावला होता, हात आणि पुढची चाकं दिसतील असा. एकेक फ्रेम पुढं सरकवली. ब्रेक सुटायच्या आधीच हात आत वळलेले, मग मागची बाजू सुटली की झटक्यात उलटे फिरलेले. कार्ट सरळ होईपर्यंत थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) देता येत नव्हता. पोरगं म्हणत होतं, "त्याच वळणाला मी सगळ्यात जोरात असतो." ते खोटं बोलत नव्हतं. अंगावर जिथं जास्त झटका येतो तिथं आपण जोरात आहोत असंच वाटतं. म्हणून मी पोरांना लॅप सांगायला लावायच्या आधी दाखवतो.

"थोडा आधी ब्रेक मार, सोड, मग वळव."

"आधी मारला तर मागचा आत घुसंल की."

"आज शर्यत नाही."

सुरुवातीच्या लॅप आणखी संथ आल्या, पोराचं तोंड उतरलं. मग हात शांत होत गेले आणि सहापैकी चार किलोमीटर परत आले. इंजिन उघडलं नाही. उरलेले दोन वळणातून बाहेर पडताना ट्रॅकच्या काठावरच्या कर्बवर थ्रॉटलवरून पाय उचलण्यात जात असावेत असा माझा अंदाज आहे, कारण आरपीएमला तिथं बारीकसा खड्डा दिसतो. पुढच्या सेशनला दुसरा कॅमेरा पेडलवर लावायचा ठरलंय. त्याचा ब्रॅकेट वडीलच शॉपमध्ये करून आणणार आहेत.