एसीटी २९८

ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवायला लागून मला दुसरंच वर्ष होतं. टेबलावर ६० किलो वजनाचे काका, बायपाससाठी. छातीत दुखत होतं म्हणून सहा दिवस आधीच दाखल झालेले आणि तेव्हापासून रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची ड्रिप चालू. फाइलमध्ये मी ते वाचलं होतं. त्याचा अर्थ मात्र थिएटरमध्ये कळला.

मशीनच्या नळ्यांत शिरलेलं रक्त गोठायला बघतं. म्हणून आधी भरपूर हेपॅरिन द्यायचं आणि ते लागू पडलं का, हे एसीटी ही चाचणी लावून पाहायचं. नमुन्याच्या नळीत गुठळी धरायला किती सेकंद लागतात, तो हा आकडा. एरवी तो शंभर-सव्वाशे असतो. आमच्याकडे ४८० ओलांडल्याशिवाय पंप, म्हणजे हे मशीन, सुरू करत नाहीत.

किलोमागे ४०० युनिट, म्हणजे २४,००० युनिट हेपॅरिन भूलतज्ज्ञ मॅडमनी दिलं. तीन मिनिटांनी नमुना लावला.

"एसीटी किती?" सर्जन सरांनी विचारलं.

"सर, २९८."

सगळ्यांचे हात थांबले. औषध शिरेतच गेलं ना, लाइन सुटली नाही ना, सगळं तपासलं. दुसरा नमुना, ३०३. आणखी ६,००० युनिट दिले, तरी ३३४.

"अँटिथ्रॉम्बिन कमी पडतंय," मॅडम म्हणाल्या. "एफएफपी मागवा."

हेपॅरिन एकटं काही करत नाही. रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला धरून ते गोठण थांबवतं आणि बरेच दिवस ड्रिप चालली की ते प्रथिनच घटतं. मग कितीही हेपॅरिन ओता. एफएफपीत, म्हणजे गोठवलेल्या प्लाझ्मात, अँटिथ्रॉम्बिन असतं, पण पिशव्या वितळायला वेळ लागतो. पंप भरून तयार, क्लॅम्पवर माझा हात आणि नजर ब्लड बँकेकडून येणाऱ्या मामांच्या वाटेकडे. इतका लांब अर्धा तास मी पुन्हा अनुभवला नाही.

दोन पिशव्या गेल्या. ५२६.

पुढे दर अर्ध्या तासाने एसीटी लावला. अंग थंड केलं की हा आकडा आपसूक वाढतो, त्यामुळे नुसता मोठा आकडा पाहून मी निर्धास्त झालो नाही. शेवटी हेपॅरिनचा असर उतरवणारं प्रोटामिन सावकाश सुरू झालं, तसा मी जखमेतलं रक्त मशीनमध्ये ओढणारा पंपाचा सक्शन बंद केला, नाहीतर मशीनमध्येच गुठळ्या झाल्या असत्या. एसीटी १३४.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूत गेलो. श्वासाची नळी निघाली होती. काका चहा मागत होते.