चलानातले छायाचित्र

मी पुण्यात वकिली करते. मोटार वाहन कायद्याखालील प्रकरणे माझ्याकडे नेहमी येतात, पण चाकणहून मार्केट यार्डात भाजी आणणाऱ्या एका पिकअप-मालकाच्या प्रकरणाने माझी कामाची पद्धतच पक्की केली. त्यांना गाडी विकायची होती आणि थकलेली ई-चलाने निकालात निघाल्याशिवाय गिऱ्हाईक व्यवहार करायला तयार नव्हते. नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद पडल्यामुळे दंडाचा एकही संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. "मॅडम, लोकअदालतीत सवलत मिळते म्हणतात, तोवर थांबू आणि सगळे एकदम भरून टाकू," असे त्यांचे म्हणणे होते.

मी त्यांना थांबू दिले नाही. लोकअदालतीत तडजोड होते, म्हणजे दंडाची रक्कम कमी होऊ शकते. परंतु 'ही गाडी माझी नाही' हे पुराव्यानिशी सिद्ध करण्याची ती जागा नव्हे, आणि तेथील निवाड्यावर अपीलही करता येत नाही. म्हणून महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून आम्ही प्रत्येक चलानाचे छायाचित्र उघडले. चुकीच्या जागी गाडी उभी केल्याची चलाने त्यांचीच होती आणि त्यांनी ती निमूटपणे मान्य केली. मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील वेगमर्यादा ओलांडल्याच्या चलानाशी आम्ही दोघेही थबकलो, कारण व्यावसायिक वाहन म्हणून त्यांच्या पिकअपची क्रमांकपाटी पिवळी होती आणि छायाचित्रातील पाटी पांढरी होती. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर गाडी खासगी मोटार असल्याचे दिसले. तिच्या क्रमांकातील ३ हा अंक ८ असा वाचला गेला होता.

कलम १८३ नुसार हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी १,००० ते २,००० रुपये दंड आहे. तो भरून मोकळे व्हावे असे त्यांना वाटत होते, आणि दिवसभराचा धंदा बुडवून आलेल्या माणसाला तसे वाटणे मी समजू शकते. पण दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, आणि जो गुन्हा त्यांनी केलाच नव्हता तो त्यांच्या गाडीच्या नावावर कायम राहावा, हे मला पटत नव्हते. नोंदणी प्रमाणपत्र, गाडीचे समोरून व मागून काढलेले फोटो आणि चलानात नोंदलेल्या रात्रीची बाजार समितीची आवक पावती जोडून आम्ही ॲपवरूनच तक्रार नोंदवली. ती पावती त्यांनी जपून ठेवली होती, हे विशेष. चलान वर्षभर जुने असते तर असा कागद क्वचितच हाती लागतो.

छाननीनंतर ते चलान रद्द झाले. उरलेल्या चलानांचा दंड त्यांनी ऑनलाइन भरला. गाडीच्या नोंदीत चालू मोबाइल क्रमांक घालून घेतल्यानंतरच मी त्यांना विक्रीच्या कागदांवर सही करू दिली, कारण हस्तांतरणाची नोंद पूर्ण होईपर्यंत नवी चलानेही त्यांच्याच नावावर येणार होती.