लिहिलेला कोड पुसून का टाकता?

"सराव ठीक आहे हो, पण दीड तास खपून लिहिलेला कोड शेवटी डिलीट का करता?" आम्ही प्रोग्रॅमर दर गुरुवारी जमून कोड लिहिण्याचा सराव करतो; तिथे पहिल्यांदा येणारा माणूस हे विचारतोच. ज्यांना आपल्या ऑफिसात असं काही सुरू करायचंय, तेही विचारतात. आता तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कल्पना आमची नाही. प्रोग्रॅमरांनी ठरलेल्या वेळी जमून छोटे प्रश्न एकत्र सोडवायचे, ही कोडिंग डोजोची पद्धत लोरां बोसाव्ही आणि एमान्युएल गाय्यो यांनी पॅरिसमध्ये सुरू केली. पुसण्याची सवय कोड रिट्रीटमधून, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या दिवसभराच्या सराव-शिबिरातून आली. पहिलं रिट्रीट जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या ॲन आर्बरला झालं. तिथे दिवसभर गणितज्ञ कॉनवेचा 'गेम ऑफ लाइफ' (चौकटींतल्या पेशी ठरावीक नियमांनी जगतात-मरतात, तो खेळ) हा एकच प्रश्न. दर ४५ मिनिटांनी कोड पुसायचा, जोडीदार बदलायचा, पुन्हा पहिल्यापासून.

आमचा लाडका प्रश्न देशी आहे. आकडा दिला की चेकवर लिहितो तशी रक्कम मराठी अक्षरांत लिहून दाखवायची. सगळ्यांना वाटतं, दहा मिनिटांचं काम. मग २९, ३९, ४९ च्या टेस्ट येतात (टेस्ट म्हणजे उत्तर बरोबर येतंय का ते तपासणारा छोटा कोड; बरोबर आलं की हिरवी, चुकलं की लाल) आणि कुणीतरी हुशार ओरडतो, "अरे, नियम आहे! पुढच्या दशकाच्या आधी 'एकोण' लाव." १९ ला थोडं अडतं, तिथे एक इफ, म्हणजे अपवादाची अट, टाकली जाते. ८९ पर्यंत सगळं हिरवं. मग ९९ ची टेस्ट लिहिली जाते आणि प्रोग्रॅम ऐटीत सांगतो, 'एकोणशंभर'.

हशा ओसरला की खरी गंमत सुरू होते. सरळ ९९ शब्दांचा तक्ता केला तर प्रश्न मिटतो. पण ज्यांनी तो नियम लिहिलाय त्यांचा जीव त्यात अडकलेला असतो. आणखी एक इफ, मग आणखी एक. ऑफिसात आपण हेच करतो, फक्त तिथे त्याला रिलीजची घाई असं नाव असतं. शेवटी हे सगळं पुसायचंच आहे हे माहीत असलं की हात सैल सुटतो. पुढच्या खेपेला तीच माणसं तक्त्यापासून सुरुवात करतात आणि मग शंभर, एकशे एक, दोनशे या खड्ड्यात पडतात. तो खड्डा जास्त चांगला आहे, कारण तो प्रश्नाचा आहे, आपल्या हट्टाचा नाही.

कीबोर्डवर दोघं बसतात, एक टाइप करतो, दुसरा सुचवतो. सात मिनिटांनी बदल. एक नियम मात्र मी कडक पाळतो: टेस्ट लाल असताना प्रेक्षकांनी बोलायचं नाही, हिरवी झाली की सूचना. याचा त्रास सर्वात जास्त सीनियर मंडळींना होतो. अठरा वर्षं अनुभव असलेला सॉफ्टवेअर आर्किटेक्ट समोर चुकीचा लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा तुकडा) बघत गप्प बसलाय, हे बघण्यासारखं असतं. आणि बऱ्याचदा नवखी मुलगी तो लूप स्वतःच दुरुस्त करते.

"मग प्रोजेक्टमधलाच एखादा बग घ्या ना, काम तरी होईल," असं मॅनेजर हमखास सुचवतात. मी नाही म्हणतो. प्रोजेक्टचा कोड पुसता येत नाही; आणि ज्याला तो आधीपासून ठाऊक आहे तोच बोलतो, बाकीचे माना डोलावतात. हजेरीही घेत नाही. हजेरी लागली की माणसं येतात, पण लॅपटॉप उघडून स्वतःचे मेल बघत बसतात.

खोली, प्रोजेक्टर, चहा याची चिंता करू नका. वार मात्र पक्का ठेवा. चार जण आले तरी घ्या, उलट चार जणांत पाळी लवकर येते.

कुणीतरी गुपचूप कोड गिटहबवर, म्हणजे कोड साठवायच्या साइटवर, टाकून ठेवतंच. मी काही म्हणत नाही. तोच प्रश्न पुन्हा आला तर तेवढं उघडून बघू नका, एवढंच सांगतो.