साखर कारखान्यात प्रोफिनेट: ड्रॉइंगवरचे ८५ मीटर खरे मानू नका

पुण्याहून कोल्हापूरकडे जाणार असाल तर रस्त्याबद्दल एवढंच: गळीत हंगामात रात्री निघू नका. मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या जोडट्रॉल्या थेट बोनेटवर येतात.

तिकडच्या साखर कारखान्यात काम होतं केन कॅरिअरचे (ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्याचे) ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे डबे, प्रोफिनेटवर, म्हणजे यंत्रांना जोडणाऱ्या इथरनेट नेटवर्कवर, घेण्याचं. पहिले दोन दिवस मजेत गेले. कंट्रोलर (सगळं चालवणारा मुख्य संगणक) प्रत्येक डिव्हाइसला, इथे ड्राइव्हला, नावावरून ओळखतो आणि आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता तोच देतो, त्यामुळे डब्यातून काढलेल्या कोऱ्या ड्राइव्हला आधी नाव द्या. नावात अंडरस्कोर (_) टाळा.

तिसऱ्या दिवशी कॅरिअरवर ऊस पडला की शेवटच्या ड्राइव्हचा बस फॉल्टचा (नेटवर्क तुटल्याचा) दिवा लाल व्हायला लागला. लोड उतरला की गायब. मित्र फोनवर म्हणाला, "अरे, अपडेट टाइम वाढव ना." म्हणजे कंट्रोलर आणि ड्राइव्हमध्ये किती वेळाने डेटा जातो-येतो ते. २ मिलिसेकंदांचे १६ केले. अशा सलग तीन सायकल चुकल्या की ते डिव्हाइस गेलं असं कंट्रोलर धरतो, म्हणजे ६ चे ४८ झाले. दिवा गेला. मी खूश होऊन भाकरी-पिठलं खाऊन झोपलो. पावणेदोनला फोन: मिल थांबली.

तेव्हा कुठे नेटवर्क स्विचच्या पोर्टचे एरर मोजणारे काउंटर उघडले. कॅरिअर फिरतोय आणि सीआरसी एरर (वाटेत खराब झालेला डेटा) चढतायत. मोजायची टेप घेऊन केबलच्या ट्रेखालून चालत गेलो. ड्रॉइंगवर केबल ८५ मीटर. मिल हाऊसची चढण, बॉयलरकडचा वळसा धरून ११८ मीटर भरले! तांब्याच्या केबलला दोन पोर्टमध्ये १००ची मर्यादा आहे. वर त्याच ट्रेमध्ये ड्राइव्हच्या मोटर केबल, आणि नेटवर्क केबलची शिल्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) एका टोकाला कापून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. कोणी केलं, ते अर्थातच कोणालाच माहीत नाही.

मधल्या पंप पॅनलमध्ये स्विच टाकला, केबल वेगळ्या ट्रेमधून ओढली, शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ केली. पण आधी दोन पॅनलचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं आहे ना, ते बघा, नाहीतर शिल्डमधूनच करंट वाहतो.

कनेक्टर पुण्यातूनच न्या, धातूचे. तालुक्याच्या दुकानात 'इंडस्ट्रियल' म्हणून प्लास्टिकचे प्लग साडेचारशेला एक घेतले. शुद्ध लूट. केबलमधल्या तारांचे रंग पिवळा, नारिंगी, पांढरा, निळा. चारच तारा असतात, बाकीच्या चार शोधत बसू नका.

सकाळी सातपर्यंत काउंटर जागचा हलला नाही. गेस्ट हाऊस चांगलं आहे म्हणतात. मी तिथे जेमतेम तीन तास झोपलो, त्यामुळे खात्री देत नाही.