बाबांसाठी प्रेमळ मांजर शोधताना

आई गेली त्या वर्षी पावसाळ्यात बाबा एकदा म्हणाले, "घरात काहीतरी हलतंबोलतं हवं गं." बाबा 74 वर्षांचे. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मी वारज्याला. ऑफिस सुटलं की रोज त्यांच्याकडे जायचे. जिन्यात माझी पावलं वाजली की बेल दाबायच्या आत दार उघडलेलं असायचं. दिवसभर ते त्या पावलांचीच वाट बघत असतात, हे मला कळत होतं.

कुत्रा फिरवायला त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मांजर ठरलं. माझी अट एकच, माणसाला बिलगणारं हवं. लहानपणी आमच्या वाड्यात एक भाटी यायची. दूध प्यायची, पिल्लं सात घरं फिरवायची आणि निघून जायची. ती आम्हाला फार आवडायची, पण आमची कधीच झाली नाही. बाबांना आपलं म्हणता येईल असं मांजर मला हवं होतं.

दादा न्यू जर्सीला असतो. त्याच्या शेजाऱ्यांकडे रॅगडॉल जातीचं मांजर आहे. व्हिडिओ कॉलवर त्याने ते दाखवलं. निळे डोळे, मऊ दाट केस, आणि कोणी उचललं की सगळं अंग सैल सोडून देणारं. ही जात 1960च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात अ‍ॅन बेकर यांनी तयार केली, आणि तिचं नाव या सैल पडण्यावरूनच पडलं. नावाचा अर्थ सांगितल्यावर बाबा म्हणाले, "चिंध्यांची बाहुली? म्हणजे ठकीच की." आईच्या लहानपणच्या बाहुलीचं नाव ठकी होतं. मांजर यायच्या कितीतरी आधी त्याचं नाव ठरलं ते असं.

पुढचा महिनाभर मी रात्री वाचत बसायचे. प्रेमळ म्हणून नावाजलेल्या जाती बऱ्याच आहेत, पण प्रत्येकीचं बिलगणं वेगळं. सयामी मांजर माणसामागे घरभर फिरतं आणि सतत बोलतं. बर्मीज खांद्यावर चढून बसतं. मेन कून आकाराने दांडगं, पण स्वभावाने शांत, मांडीवर बसण्यापेक्षा शेजारी बसून राहणारं. स्फिंक्सच्या अंगावर केस जवळजवळ नसतातच, त्यामुळे ते ऊब शोधत पांघरुणात शिरतं, आणि त्याच्या त्वचेवर साठणारं तेल काढायला त्याला नेमाने आंघोळ घालावी लागते. हे मी बाबांना वाचून दाखवायचे आणि ते एकेक नाव बाद करत जायचे. सयामी त्यांना आवडलं होतं, पण दुपारची झोप मोडेल म्हणून तेही राहिलं.

जातीवरून स्वभाव सांगता येतो का, ही शंका मला होतीच. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली सुमारे 5,700 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जातीजातींत फरक आहे, असं त्यांना आढळलं. ब्रिटिश शॉर्टहेअर माणसाच्या जवळ यायला सगळ्यांत कमी उत्सुक, तर कोरात आणि डेव्हन रेक्स सगळ्यांत जास्त. पण ज्या तीन जातींचं त्यांनी बारकाईने गणित मांडलं, त्यांतही स्वभावातल्या फरकांपैकी साधारण निम्माच वाटा अनुवंशिक निघाला. उरलेला निम्मा कुठून येतो, तेच मला हवं होतं. त्यातला काही भाग पिल्लाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ठरतो. त्या दिवसांत ज्या पिल्लाला माणसांनी रोज हातात घेतलं, ते पुढे माणसांत रमतं. बापाचा स्वभावही उतरतो. धीट, माणसाळलेल्या बोक्याची पिल्लं अनोळखी माणसाजवळ लवकर येतात, मग त्यांनी त्या बोक्याला आयुष्यात कधी पाहिलेलं नसलं तरी.

म्हणून मी जिथे गेले तिथे हेच विचारलं. पिल्लं कुठे वाढली? रोज कोण हाताळतं? आईबाप दाखवाल का?

पहिल्या ठिकाणी उत्तरादाखल मला दर सांगितले गेले. डॉल फेस एवढ्याला, सेमी पंच त्याहून महाग, पंच फेस सगळ्यांत महाग. पर्शियन मांजराचं नाक जितकं आत दबलेलं, तितकी किंमत चढी, असा हा हिशेब. गॅलरीत एकावर एक पिंजरे होते. त्यांतल्या पिल्लांचे डोळे चिकटलेले होते आणि एकाच्या श्वासाचा घरघर आवाज दारापर्यंत येत होता. आई दाखवा म्हटलं तर ती गावाला आहे म्हणाले. मला तिथे उभं राहवेना. ज्या चपट्या चेहऱ्यामुळे जनावराला नीट श्वास घेता येत नाही, अश्रुनलिका वाकडी होऊन डोळे सतत गळतात, त्याचेच जास्त पैसे मोजले जातात हे मला फार लागलं. पिल्लू किमान आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय दुकानातून विकायचं नाही, असा 2018चा नियम आहे. तिथली पिल्लं तेवढी मोठी मुळीच वाटत नव्हती.

दुसऱ्या ठिकाणी एक गोड काळं पिल्लू "बॉम्बे कॅट" म्हणून 22,000 रुपयांना देऊ केलं गेलं. बॉम्बे ही जात खरी आहे आणि प्रेमळही आहे, पण तिचा मुंबईशी संबंध नावापुरता. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात निकी हॉर्नर यांनी 1950च्या दशकात बर्मीज आणि काळं अमेरिकन शॉर्टहेअर यांच्या संकरातून ती जात घडवली. भारतातल्या काळ्या बिबट्याची आठवण व्हावी म्हणून हे नाव दिलं. त्या पिल्लाच्या आईबापांचे कागद मागितले, तर ते नव्हते. ते आपलं देशी काळं पिल्लू होतं, आणि तितकंच छान होतं. पण बाबांच्या पेन्शनमधून खोट्या नावाचे 22,000 देणं मला पटलं नाही. देशी पिल्लू कोणाकडून तरी दत्तक मिळालंच असतं. तसा विचारही केला होता, पण उड्या मारणाऱ्या पिल्लामागे बाबांना धावता येणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं.

शेवटी मी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मांजर हातात नसताना सल्ल्यासाठी आलेली मी बहुधा पहिलीच. सगळ्यांत प्रेमळ जात कोणती, असं मी विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "दिवसभर घरी कोण असतं?"

बाबा असतात, मी म्हटलं.

मग त्या बराच वेळ बोलल्या. लोक प्रेमळ मांजर मागतात आणि सकाळी आठ ते रात्री आठ घराला कुलूप लावतात. माणसावर जीव टाकणाऱ्या मांजराला हा एकटेपणा सगळ्यांत जास्त जाचतो. ते चाटून चाटून पोटावरचे केस घालवतं, नाहीतर गादीवर लघवी करायला लागतं. मग ते "बिघडलं" म्हणून कोणाला तरी देऊन टाकतात. तुमच्याकडे माणूस आहे, तेव्हा तुम्हाला जात शोधायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या. घरातलं माणूस हरवलेलं एखादं मोठं मांजर बघा. पिल्लू पुढे कसं निघेल हा अंदाज असतो, पण चार वर्षांच्या मांजराचा स्वभाव डोळ्यांसमोर असतो.

त्यांच्या ओळखीच्या एक ताई सोडून दिलेली मांजरं आपल्या घरी सांभाळतात. त्यांच्याकडे तेव्हा एक मलईच्या रंगाची पर्शियन होती, चार वर्षांची, नसबंदी झालेली. कोणी हौसेने आणलेली. पुढे त्या घरात बाळ आलं आणि तिची रवानगी ड्राय बाल्कनीत झाली. तिथे ती वर्षभर होती.

पर्शियन माझ्या यादीत नव्हतंच. रोज विंचरावं लागतं म्हणून मी ते आधीच खोडलं होतं. तरी बाबांना घेऊन गेले. ताईंनी सांगून ठेवलं होतं की तिच्याकडे बघत बसू नका, हात पुढे करू नका. बाबा खुर्चीवर बसले आणि त्यांनी आपलं नेहमीसारखं अर्धवट डोळे मिटून घेतले. मांजराशी डोळे हळू मिटून-उघडून बोललं की ते माणसाकडे यायला जास्त तयार होतं, हे इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या 2020च्या प्रयोगात दिसलं आहे. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. पंधरा मिनिटांनी ती सोफ्याखालून निघाली आणि तिने त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर गाल घासला. बाबा मला म्हणाले, "हिला घरी नेऊ या."

ताईंनी आधी घर पाहिलं. आमच्या गॅलरीला कबुतरांची जाळी होती, ती चालणार नाही म्हणाल्या. मांजर नखांनी ती सहज उसवतं. जाड दोऱ्याची जाळी लावून घेतली, खिडक्यांनाही. बाबांची औषधं बंद डब्यात गेली, कारण पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कांदा-लसूणही वर्ज्य. दोन आठवडे ठेवून बघा, नाही जमलं तर परत आणा, असं ठरलं. सोसायटीत एका काकांनी हरकत घेतली. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, अशा प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना आहेत. त्या छापून दाखवल्यावर तो विषय मिटला.

पहिले दोन दिवस वाईट गेले. तिला एकाच खोलीत ठेवलं होतं. कपाटामागे शिरली ती बाहेरच येईना, खाईना. मांजराला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर यकृतात चरबी साठून ते दगावूही शकतं, म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतचीच मुदत दिली होती. बाबांनी खोलीत खुर्ची टाकली आणि पेपर मोठ्याने वाचायला घेतला. अग्रलेख, हवामान, निधनवार्ता, सगळं. बाबांचं घर शाकाहारी. मी माझ्या घरून मीठ न घालता कोंबडी शिजवून नेली. खोल वाटीत तिचं नाक बुडतं म्हणून पसरट बशीत कोमट रस्सा ओतला. साडेचारला बाबांचा फोन आला, "बशी पुसून घेतली हं तिने." बाबांच्या आवाजातला तो आनंद मी आईच्या आजारपणापासून ऐकलाच नव्हता.

खरं काम त्यापुढे होतं. तिच्या काखेत, पोटाखाली, कानांमागे केसांचे घट्ट गठ्ठे झालेले होते. असा गठ्ठा कातरीने कधीही कापू नये. त्यात कातडी वर ओढली गेलेली असते आणि ती सहज कापली जाते. पोटाखालचे गठ्ठे डॉक्टरांनी मशीनने काढले. बाकीचे बाबांनी हातात घेतले. आयुष्यभर इंजिनं उघडून परत बसवलेला माणूस. दुकानातून रुंद दात्यांचा स्टीलचा कंगवा आणला, गठ्ठ्यावर थोडं कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं आणि बोटांनी कडेकडेने सोडवत न्यायचं, असं तंत्र बसवलं. "मुळाशी धरायचं, म्हणजे कातडीला ताण जात नाही," असं ते मला शिकवायला लागले. एका वेळी पाचच मिनिटं. तिने शेपूट आपटली की थांबायचं. पूर्ण मोकळी व्हायला सहा आठवडे लागले. ते चालू असतानाच एका दुपारी ती स्वतःहून मांडीवर चढली आणि पुढच्या दोन्ही पायांनी बाबांच्या लेंग्यावर कणीक तिंबायला लागली. आईच्या दुधासाठी पिल्लं करतात तेच हे, मोठेपणीही टिकून राहिलेलं.

तपासण्याही केल्या. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार फार आढळतो. आईबापांपैकी एकाकडून सदोष जनुक आलं तरी तो होतो. सोनोग्राफीत तिची दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ निघाली, त्या दिवशी आम्ही पेढे आणले. लसीकरण झालं, आणि रेबीजच्या लसीच्या दाखल्यावर महापालिकेत नोंदणीही. मालक म्हणून बाबांचं नाव आहे.

रोज दोनदा उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळे पुसावे लागतात. चपट्या नाकामुळे एप्रिल-मे तिला जड जातात. तेव्हा फरशीवर ओला टॉवेल घालतात आणि दुपारी कूलर तिच्या बाजूला वळवतात. हे सगळं बाबा करतात, वेळ लावून. माझ्यासारखी दिवसभर बाहेर असणारी बाई हे करू शकली नसती. मला असं मांजर आणायचं का, म्हणून आता ओळखीतलं कोणी विचारलं, की मी डॉक्टरांचाच प्रश्न विचारते आणि उत्तर ऐकून अनेकदा नको म्हणून सांगते. काही जण दुखावतात. त्या ड्राय बाल्कनीतलं वर्ष मला विसरता येत नाही.

परवा ऑफिसमधून गेले तर दार बंद. बेल वाजवली. आतून बाबांचा आवाज आला, "किल्ली आहे ना गं तुझ्याकडे? ठकी झोपलीय मांडीवर, मला उठता येत नाही."