एका क्लिकला तीन भरत्या: अखेर पिक-इव्हेंट काढला

हर्णै, जयगड, वेंगुर्ले या कोकणातल्या तिन्ही जेट्यांवरच्या भरती-ओहोटीच्या पातळीच्या रेघा एकाच आलेखावर असतानाही क्लिक केलेला बिंदू आता योग्य रेघेवरचाच येतो. मागच्या नोंदीत हे काम पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीच्या पिक-इव्हेंटने (रेघेवर क्लिक झाल्याची सूचना) केलं होतं; तो कोड मात्र सगळा गेला.

त्याची खोड अशी. भरती वेंगुर्ल्याकडून उत्तरेला सरकत हर्णैला उशिरा पोचते, म्हणून चढउतारावर रेघा एकमेकींना छेदतात. तिथे क्लिक केलं की मॅटप्लॉटलिब सापडलेल्या प्रत्येक रेघेचा वेगळा इव्हेंट पाठवतं. क्लिक एक, नोंदी तीन! शिवाय बिंदू रेघेने जोडलेले असले की 'इंड'मध्ये (इव्हेंटसोबत येणारे बिंदूंचे क्रमांक) जवळच्या बिंदूचा नव्हे, तुकड्याच्या सुरुवातीचा क्रमांक येऊ शकतो. शिखराच्या किंचित डावीकडे टिचकी मारली तर दहा मिनिटं आधीचं वाचन. पिकरेडियस, म्हणजे क्लिक रेघेपासून किती दूर चालेल ते अंतर, 5चं 2 केलं, तर नेम धरता धरता वैताग. माउसचं चाक फिरवलं तरी पिक होतं, ते वेगळंच.

आता साधा बटन-प्रेस-इव्हेंट (माउसचं बटन दाबल्याची सूचना). प्रत्येक रेघेचा 'गेट-एक्सवाय-डेटा' (बिंदूंची दिवसांतली वेळ आणि मीटरमधली पातळी) घ्यायचा, 'ट्रान्सडेटा'ने पिक्सेलमध्ये न्यायचा, क्लिकपासूनचं अंतर 'हायपॉट'ने काढायचं आणि तिन्हींतलं सगळ्यात कमी निवडायचं. अंतर पिक्सेलमध्येच हवं; दिवस आणि मीटर एकत्र करून काय हाती लागणार? सेन्सरची वाचनं गळालेली असतात, म्हणून रिकाम्या जागा वगळून किमान शोधणारं 'नॅनआर्गमिन'. 8 पिक्सेलपलीकडचं क्लिक सोडून द्यायचं. टूलबारचा झूम चालू असेल तरही.

अगदी छेदावर घोळ उरतोच. त्यावर 1, 2, 3 या कळा: दाबाल तेवढीच रेघ चालू.

वेळेचा सापळा मात्र भारी. आलेखावरच्या आकड्याची तारीख-वेळ करणारं 'नमटूडेट' वेळेवर यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा) शिक्का मारतं. सेन्सरची वाचनं नोंदवणारा लॉगर आधीच भारतीय वेळ लिहितो. वर पुन्हा कोलकाता वेळक्षेत्रात, म्हणजे भारतीय वेळेत, बदललं की साडेपाच तास वाढतात आणि भरतीची वेळ जवळपास ओहोटीवर जाऊन बसते. उधाणाच्या दिवशी हे लगेच डोळ्यात भरतं, भांगाच्या लहान भरतीला नजरेतून सुटतं.

पुढे क्लिकवरून सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) लिहायची होती. पण शिखर दोन वाचनांच्या मध्येही असतं, तेव्हा निवडलेल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंची सहा-सहा वाचनं घेऊन 'पॉलीफिट'ने दुसऱ्या घाताचा वक्र बसवणं बरं. वेळ त्या बिंदूपासून मोजायची. मॅटप्लॉटलिब वेळ 1970पासूनच्या दिवसांत मोजतं; ते आकडे तसेच दिले तर आकडेमोड डळमळते. आणि वक्रच बसवायचा तर शिखरं हाताने कशाला शोधा? शिखरं शोधणाऱ्या 'फाइंड-पीक्स'ला दोन शिखरांमधलं किमान अंतर 60 वाचनं, म्हणजे दहा तास. क्लिक फक्त चुकलेलं शिखर खोडायला. सीएसव्ही त्यानंतर.